धागा तुटला तर कळतं कोणाला? थ्रेड थांबवणं आणि त्यातल्या चुका सांभाळणं

आजचा विषय थोडा तांत्रिक आहे, पण आपल्या ओळखीच्या जागेवरून त्यात शिरू. आपण दिग्रसमध्ये बसलो आहोत. दिवाळीनंतर इथून दारव्ह्याच्या, आर्णीच्या, पुसदच्या, कुठल्याही रस्त्याला लागा, कापसाने भरलेल्या ट्रॉल्या दिसतात. ट्रॉली जिनिंगवर जाते, काट्यावर चढते, वजन होतं, पावती निघते. त्या पावतीवर एका घराचं वर्षभराचं उत्पन्न असतं. हल्ली हे वजन संगणकात नोंदवलं जातं. संगणकात एक प्रोग्रॅम असतो आणि त्या प्रोग्रॅममध्ये चार-पाच थ्रेड एकाच वेळी चाललेले असतात. आज आपल्यापुढे दोन प्रश्न आहेत. त्यातला एखादा थ्रेड थांबवायचा असेल तर कसा थांबवायचा? आणि तो स्वतःच एखाद्या चुकीने मेला तर ते कळणार कोणाला?

हा काट्याचा प्रोग्रॅम आपण उदाहरण म्हणून मनाने रचतो आहोत, कुठल्याही खऱ्या जिनिंगचा तो नाही. पण असे प्रोग्रॅम तुमच्यापैकी अनेकांना उद्या लिहावे लागतील, म्हणून आजचं सगळं त्याच्याच आधाराने बघू.

थ्रेड म्हणजे काय

एका दुकानात चार माणसं काम करतात असं समजा. दुकान एक, गल्ला एक, वही एक. दुकान म्हणजे प्रोसेस आणि माणसं म्हणजे थ्रेड. आपल्या काट्याच्या प्रोग्रॅममध्ये पहिला थ्रेड काट्याकडून आकडा वाचतो. दुसरा तो आकडा डेटाबेसमध्ये लिहितो. तिसरा शेतकऱ्याच्या मोबाइलवर संदेश पाठवतो. चौथा स्क्रीन सांभाळतो. चौघांची मेमरी एकच असते. एकाने लिहिलेलं दुसऱ्याला लगेच वापरता येतं, हा थ्रेडचा फायदा. एकाने अर्धवट लिहिलेलंही दुसऱ्याला दिसतं, हा धोका.

म्हणून कुलूप लागतं. प्रोग्रॅमिंगमध्ये त्याला लॉक किंवा म्युटेक्स म्हणतात. वहीत लिहिणाऱ्याने आधी कुलूप घ्यायचं, लिहायचं, मग कुलूप सोडायचं. तोवर बाकीच्यांनी थांबायचं.

आता एक नोंद बघा. भरलेल्या ट्रॉलीचं वजन ५,८४० किलो. कापूस उतरवल्यावर रिकाम्या ट्रॉलीचं वजन ३,५९० किलो. निव्वळ कापूस २,२५० किलो, म्हणजे साडेबावीस क्विंटल. लिहिणाऱ्या थ्रेडला दोन कामं करायची आहेत. शेतकऱ्याच्या खात्यात साडेबावीस क्विंटल जमा करायचे आणि गोदामाच्या एकूण साठ्यात तेवढेच वाढवायचे. दोन्ही झाली तरच हिशेब जुळतो.

बाहेरून मारलं तर काय होतं

समजा संध्याकाळ झाली, प्रोग्रॅम बंद करायचा आहे आणि लिहिणारा थ्रेड अजून चालू आहे. नवशिक्याच्या मनात पहिला विचार येतो की एक आज्ञा द्यावी आणि त्याला तिथल्या तिथे संपवावं. आता नेमक्या त्या क्षणी शेतकऱ्याच्या खात्यात जमा झालेलं आहे आणि गोदामाचा साठा वाढवायचा राहिला आहे. थ्रेड तिथे मेला. त्याच्या हातातल्या कुलपाचं काय?

दोनच शक्यता आहेत आणि दोन्ही वाईट. पहिली, कुलूप त्याच्याबरोबर तसंच अडकून राहतं. मग दुसरा कुठलाही थ्रेड वहीला हात लावायला गेला की वाट पाहत बसतो, आणि ती वाट कधीच संपत नाही. प्रोग्रॅम मेलेला नसतो, पण हलतही नाही. विंडोजमध्ये थ्रेड संपवायला ‘टर्मिनेट थ्रेड’ नावाची सोय आहे. ती अगदी टोकाच्या प्रसंगाखेरीज वापरू नका, असं मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या माहितीपत्रात लिहिलं आहे. त्यातलं एक कारण हेच, की थ्रेडच्या ताब्यातलं कुलूप सुटत नाही.

दुसरी शक्यता म्हणजे कुलूप आपोआप सुटतं. ऐकायला बरं वाटतं, पण हे जास्त फसवं आहे. कुलूप सुटलं म्हणजे वही मोकळी झाली. पुढचा थ्रेड आत आला, त्याला अर्धी नोंद दिसली आणि ती पूर्ण आहे असं समजून त्याने पुढचा हिशेब केला. चूक कुठे झाली ते आता शोधूनही सापडत नाही.

जावा या भाषेचा इतिहास इथे फार बोलका आहे. १९९६ साली जावाची पहिली आवृत्ती आली तेव्हा थ्रेडला बाहेरून थांबवणारी ‘स्टॉप’ ही पद्धत तिच्यात होती. ती थ्रेडला जिथे असेल तिथे तोडायची आणि त्याची कुलपं सोडून द्यायची. अर्धवट डेटा उघडा पडतो हे लक्षात आल्यावर १९९८ च्या १.२ आवृत्तीत ‘ही वापरू नका’ असा शिक्का तिच्यावर बसला. तरी जुने प्रोग्रॅम मोडू नयेत म्हणून ती भाषेत तशीच राहिली. शेवटी मार्च २०२३ मध्ये, जावाच्या विसाव्या आवृत्तीत, ती बोलावली तर काम न करता थेट एक्सेप्शन फेकू लागली. एक चुकीची सोय काढायला जवळपास पंचवीस वर्षं गेली. पायथॉनने तर आपल्या थ्रेडच्या मॉड्यूलमध्ये अशी मारण्याची पद्धत ठेवलीच नाही.

मग थांबवायचं कसं? सांगून.

घरात कोणी स्वयंपाक करत असेल तर आपण त्याला हाताला धरून ओढून नेत नाही. ‘हातातलं आटोपलं की ये’ म्हणतो. थ्रेडचंही तसंच. थांबायचं कुठे हे फक्त त्यालाच माहीत असतं, कारण हातातलं काम कुठवर आलं ते त्यालाच ठाऊक असतं. बाहेरच्याने विनंती करायची आणि आतल्याने सोयीच्या जागी ती पाळायची. अगदी साध्या रूपात लिहिणारा थ्रेड असा दिसेल:

जोपर्यंत थांबण्याची खूण उभी नाही, तोपर्यंत:
रांगेतून एक नोंद घे, जास्तीत जास्त एक सेकंद वाट पाहा;
नोंद मिळाली तर ती पूर्ण लिही.
खूण उभी झाल्यावर: रांगेत उरलेल्या नोंदी लिहून टाक.
शेवटी, काहीही झालं तरी: कुलूप सोड, डेटाबेस बंद कर.

एवढ्याशा मजकुरात बऱ्याच गोष्टी आहेत, त्या एकेक बघू.

खूण कुठे तपासली? दोन नोंदींच्या मध्ये. नोंद अर्धी असताना नाही. साडेबावीस क्विंटल दोन्ही ठिकाणी लिहून झाले, मगच ‘थांबू का?’ हा प्रश्न.

खूण कशी ठेवायची? साधं चल वापरून भागत नाही. एका थ्रेडने बदललेली किंमत दुसऱ्याला लगेच दिसेलच याची साध्या चलाला हमी नसते. कंपायलर वेग वाढवण्यासाठी जुनीच किंमत धरून ठेवू शकतो आणि मग थ्रेड फिरतच राहतो. जावामध्ये अशा चलाला ‘व्होलाटाइल’ म्हणतात, सी प्लस प्लसमध्ये ‘अॅटॉमिक’ वापरतात, पायथॉनमध्ये ‘इव्हेंट’ नावाची तयार वस्तू मिळते.

एक सेकंदच वाट का? रांग रिकामी असेल तर थ्रेड नोंदीची वाट पाहत झोपलेला असतो. झोपलेल्याला खूण दिसत नाही. काटा वाचणाऱ्या थ्रेडचंही हेच. काट्याची केबल निघालेली असेल तर तो आकड्याची वाट पाहत कायमचा बसेल. म्हणून कुठल्याही वाट पाहण्याला मुदत घाला. दुसरा उपाय म्हणजे झोपलेल्याला हलवून उठवणं. जावामध्ये त्याला ‘इंटरप्ट’ म्हणतात. झोपलेला थ्रेड इंटरप्टने उठतो तेव्हा त्याला एक एक्सेप्शन मिळतं. इथे पुष्कळ जण ते एक्सेप्शन पकडतात, कॅचचा कंस रिकामा सोडतात आणि पुढे जातात. ही मोठी गडबड आहे, बरं का. एक्सेप्शन मिळताना थांबण्याची खूण पुसली गेलेली असते. तुम्ही ती रिकाम्या कंसात गिळलीत तर बाहेरच्याची विनंती कायमची हरवली. एक तर तिथेच काम आटपून बाहेर पडा, नाहीतर खूण पुन्हा उभी करा म्हणजे वरच्या पातळीवर ती दिसेल.

रांगेतच एक ‘शेवटची चिठ्ठी’ टाकणं ही आणखी एक सुटसुटीत युक्ती. थ्रेड नोंदी क्रमाने घेतो. ती चिठ्ठी हाती आली की समजतो, आपल्याआधीचं सगळं लिहून झालं, आता निघायचं. यात उरलेल्या नोंदींचा प्रश्नच राहत नाही.

आणि शेवटची ओळ, ‘काहीही झालं तरी’. जावात, पायथॉनमध्ये तिला ‘फायनली’ म्हणतात. सी प्लस प्लसमध्ये वस्तूच्या डिस्ट्रक्टरमध्ये ती आवराआवर आपोआप होते. थ्रेड नीट थांबो की चुकीने पडो, कुलूप सुटलंच पाहिजे आणि फाइल बंद झालीच पाहिजे.

सांगून झालं की पाठ फिरवायची नाही. थांबायला सांगणाऱ्याने तो थांबेपर्यंत वाट पाहायची, याला ‘जॉइन’ म्हणतात. खूण उभी केली आणि मुख्य प्रोग्रॅम लगेच संपला, तर मधल्या क्षणात लिहिणाऱ्याचं काय झालं कोण जाणे. सी प्लस प्लसमध्ये जॉइन न करता थ्रेडची वस्तू नष्ट होऊ दिली तर अख्खा प्रोग्रॅम तिथेच कोसळतो. २०२० च्या आवृत्तीत म्हणूनच ‘जेथ्रेड’ आला. तो नष्ट होताना आधी थांबायला सांगतो आणि मग थांबेपर्यंत वाट पाहतो. पायथॉनमध्ये ‘डीमन’ थ्रेड असतात. प्रोग्रॅम संपताना त्यांच्यासाठी कोणी थांबत नाही, ते अचानक तुटतात. स्क्रीनवरचं घड्याळ अशा थ्रेडकडे द्या, शेतकऱ्याची नोंद देऊ नका.

चूक होते तेव्हा

इथवर आपण थ्रेडला मुद्दाम थांबवत होतो. आता तो स्वतःच चुकीने थांबतो ते बघू. आमच्या मते खरं नुकसान इथे होतं, कारण इथे आवाज होत नाही.

लिहिणाऱ्या थ्रेडला एक वाईट नोंद मिळाली. वजनाच्या जागी आकड्याऐवजी काहीतरी कचरा आला. एक्सेप्शन उठलं. पकडायला कोणी नाही. ते जाणार कुठे?

बहुतेकांना वाटतं, ज्याने थ्रेड सुरू केला त्याच्याकडे. म्हणून ते ‘थ्रेड सुरू कर’ या ओळीभोवती ट्राय-कॅच लावतात. त्याचा काही उपयोग होत नाही. सुरू करणारा केव्हाच पुढच्या ओळीवर गेलेला असतो. प्रत्येक थ्रेडची स्वतःची स्टॅक असते आणि एक्सेप्शन त्याच स्टॅकमधून वर चढतं. ते थ्रेडच्या पहिल्या फंक्शनच्याही वर गेलं की पुढे काय होईल ते भाषेवर अवलंबून आहे.

जावा आणि पायथॉन चुकीचा मजकूर कन्सोलवर छापतात, तो एक थ्रेड मरतो आणि बाकीचा प्रोग्रॅम चालू राहतो. सी प्लस प्लसमध्ये आणि गो या भाषेत अख्खा प्रोग्रॅम पडतो. रस्ट वेगळा मार्ग घेते. तिथे जॉइन करणाऱ्याच्या हातात ‘हा थ्रेड पडला’ असा निकाल येतो. शिवाय पडलेल्या थ्रेडच्या हातात जे कुलूप होतं त्यावर ‘विषबाधा झाली’ अशी खूण लागते. पुढचा कोणी ते कुलूप घ्यायला गेला की त्याला इशारा मिळतो, आतला डेटा अर्धवट असू शकतो, तपासून घे. मघाशी आपण म्हटलं ना, कुलूप अडकलं तर वाईट आणि सुटलं तर जास्त वाईट? त्यावर रस्टने शोधलेला हा मधला रस्ता आहे.

आता आपला प्रोग्रॅम जावात किंवा पायथॉनमध्ये आहे असं धरा. सकाळी ११ वाजता लिहिणारा थ्रेड मेला. कन्सोलवर चार ओळी छापल्या गेल्या, पण काट्यावरच्या मुलासमोर कन्सोल नसतो, त्याच्यासमोर स्क्रीन असते. ती चौथ्या थ्रेडची, ती व्यवस्थित चालू आहे. काटा वाचणारा आकडे वाचतो आहे. ट्रॉल्या येताहेत, वजनं होताहेत, पावत्या छापल्या जाताहेत. नोंदी रांगेत साठताहेत, मेमरीमध्ये. संध्याकाळी संगणक बंद झाला आणि ११ नंतरच्या सगळ्या नोंदी गेल्या. शेतकऱ्याच्या हातात कागद आहे आणि संगणकात काही नाही. दुसऱ्या दिवशी तो पैशासाठी येतो तेव्हा त्याला ऐकवलं जातं, ‘कम्प्युटरमध्ये दिसत नाही, दादा.’ सिद्ध करण्याचं ओझं आता त्याच्या डोक्यावर. एका न पकडलेल्या एक्सेप्शनची किंमत ज्याने ते लिहिलं त्याला मोजावी लागत नाही, हे आपण प्रोग्रॅमरांनी लक्षात ठेवायला हवं.

थ्रेड पूल वापरला म्हणजे सुटलो असंही नाही. पूलला काम दिलं की तो ‘फ्यूचर’ नावाची पावती देतो. कामात चूक झाली तर ती त्या पावतीत जपून ठेवली जाते आणि तुम्ही निकाल मागाल तेव्हा समोर येते. निकाल मागितलाच नाही तर? चूक पावतीतच राहते, कन्सोलवरही छापली जात नाही. जावात ठरावीक वेळाने परत परत काम करणारा शेड्यूलर असतो. त्या कामाने एकदा जरी एक्सेप्शन बाहेर टाकलं, तर पुढच्या सगळ्या फेऱ्या गुपचूप रद्द होतात. दर पाच मिनिटांनी बॅकअप घेणारा तुमचा थ्रेड कदाचित महिन्याभरापूर्वीच बंद पडला असेल.

म्हणून तीन सवयी. पहिली, प्रत्येक थ्रेडच्या सर्वांत बाहेरच्या फंक्शनमध्ये चूक पकडा, नोंदवा आणि ती कोणाला तरी कळवा. जावात २००४ च्या पाचव्या आवृत्तीपासून आणि पायथॉनमध्ये २०१९ च्या ३.८ आवृत्तीपासून न पकडलेल्या चुकांसाठी एक सामाईक पहारेकरी नेमता येतो, तोही नेमा. दुसरी, फ्यूचर घेतलंत तर त्याचा निकाल मागाच. तिसरी, स्क्रीनवर नुसता हिरवा दिवा दाखवू नका. ‘शेवटची नोंद लिहिली: ११ वाजून २ मिनिटं’ असं दाखवा. दुपारी २ वाजता ती वेळ बदललेली नसेल तर काट्यावरच्या मुलाला प्रोग्रॅमिंग न येताही कळेल की काहीतरी बिघडलंय.

एक मेला तर बाकीच्यांनी काय करायचं

इथे आपण खऱ्या धाग्याकडे जाऊ. सूतगिरणीत रिंग फ्रेमवर शेकडो चात्या फिरत असतात. एका चातीचा धागा तुटला तर बाकीच्या थांबत नाहीत. कामगार येतो, धागा सांधतो, पुढे जातो. कारण प्रत्येक धागा स्वतंत्र आहे. आता इचलकरंजीच्या मागावर या. तिथे ताण्याच्या प्रत्येक धाग्यावर पातळ पत्र्याची एक पट्टी लटकवता येते. धागा तुटला की पट्टी खाली पडते, विजेचा संपर्क जुळतो आणि अख्खा माग थांबतो. का? कारण सगळे धागे मिळून एकच कापड होतंय. एक धागा नसताना माग चालवला तर पुढचं सगळं कापड सदोष.

सॉफ्टवेअरमध्ये हेच दोन मार्ग नावानिशी आहेत. स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत, टेलिफोन एक्स्चेंजसाठी, १९८० च्या दशकात जो आर्मस्ट्राँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अर्लांग ही भाषा केली. त्यात कामकऱ्यांवर नजर ठेवणारा एक ‘सुपरवायझर’ असतो. एक पडला तर त्यालाच नव्याने उभा करायचा, की एक पडला तर सगळ्यांना थांबवून सगळेच नव्याने उभे करायचे, हे प्रोग्रॅमरने आधी ठरवून द्यायचं असतं. आणि ठरावीक वेळेत फार वेळा पडझड झाली तर सुपरवायझर स्वतः हार मानतो आणि आपल्या वरच्याला कळवतो. त्याच दगडाला शंभरदा ठेच खात बसत नाही.

आपल्या काट्यावर हे लावून बघा. संदेश पाठवणारा थ्रेड पडला तर ती चाती आहे. नेटवर्क गेलं असेल, थोडं थांबून परत उभा करा, वजनं चालू द्या. पण लिहिणारा पडला तर तो माग आहे. नोंद होत नसताना वजन घेणं म्हणजे सदोष कापड विणणं. तिथे काटा थांबला पाहिजे आणि स्क्रीन लाल झाली पाहिजे. रांगेतल्या चार ट्रॉल्या खोळंबतील, लोक रागावतील. तरी थांबवायचं.

महाराष्ट्रातलंच एक मोठं उदाहरण आहे. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी थांबवावे लागले, ते दुपारी पावणेचारला परत सुरू झाले आणि त्या दिवशी ५ वाजेपर्यंत चालवले गेले. मूळ कारण एका थ्रेडचं नव्हतं. दूरसंचार जोडण्यांत बिघाड झाला आणि त्यातून डेटा साठवणारी यंत्रणा हाती लागेनाशी झाली. पण बाजाराने दिलेल्या खुलाशातला आपल्या कामाचा मुद्दा असा, की जोखमीवर नजर ठेवणारी यंत्रणा आणि निर्देशांक काढणारी यंत्रणा उपलब्ध राहिल्या नव्हत्या. खरेदी-विक्री जुळवणारं यंत्र धडधाकट असेलही, पण जोखीम मोजणारा नसताना सौदे चालू ठेवणं धोक्याचं. म्हणजे तो माग होता, चाती नव्हे. थांबण्याचा निर्णय बरोबरच होता. इतका वेळ का लागला, पर्यायी केंद्रावर का गेले नाहीत, हे प्रश्न त्यानंतर विचारले गेले आणि ते विचारायलाच हवे होते.

उलट बाजूही बघा. ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातल्या कुरू इथून एरियान ५ रॉकेटचं पहिलं उड्डाण झालं. सुमारे ३७ सेकंदांनी त्याची दिशा सांगणारी यंत्रणा बंद पडली आणि रॉकेट नष्ट झालं. चौकशीत निघालं ते असं. ६४ बिटांचा दशांश आकडा १६ बिटांच्या पूर्णांकात बसवताना तो मावला नाही आणि एक्सेप्शन उठलं. ते पकडलेलं नव्हतं. एक्सेप्शन आलं तर प्रोसेसर बंद करायचा, असं धोरण होतं. राखीव यंत्रणेत तोच प्रोग्रॅम, तीही तशीच पडली. आणि सर्वांत चुटपुट लावणारी गोष्ट म्हणजे ज्या कामात ही चूक झाली, त्या कामाचा उड्डाणानंतर काही उपयोगच नव्हता. एरियान ४ च्या गरजेसाठी ते सुमारे ४० सेकंद चालू ठेवलेलं होतं, ते तसंच पुढे आलं. म्हणजे जे थांबायला हवं होतं ते थांबलं नाही, आणि त्याच्या चुकीने जे चालू राहायला हवं होतं ते बंद पडलं. चातीच्या चुकीला मागाचा नियम लावला गेला.

आणि वीजच गेली तर?

आपल्याकडे सर्वांत मोठा थ्रेडमार म्हणजे लाइट जाणं. ती कोणाला विनंती करत नाही, कुठलं ‘फायनली’ चालवत नाही. म्हणून शिस्तीत थांबणं जमलं तरी अर्धं काम उरलंय असं समजा. दोन्ही नोंदी, खातं आणि साठा, एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये लिहा. एसक्यूलाइट असो की पोस्टग्रेस, डेटाबेस आधी आपल्या टिपणवहीत लिहितो, मग पक्कं करतो. मध्येच वीज गेली तर परत सुरू होताना अर्धवट राहिलेलं काढून टाकतो. एक तर दोन्ही नोंदी असतील नाहीतर एकही नसेल. पावती छापायची ती नोंद पक्की झाल्यावरच. मग शेतकऱ्याच्या हातातला कागद आणि संगणकातली नोंद यांच्यात तफावत पडण्याची मोठी वाट बंद होते. आणि प्रत्येक नोंदीला एकमेव पावती क्रमांक द्या, म्हणजे तीच नोंद परत पाठवली गेली तरी साडेबावीसचे पंचेचाळीस क्विंटल होणार नाहीत.

श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न: सर, दुसऱ्याने लिहिलेली लायब्ररी आहे. ती तासन्‌तास अडकते आणि आपलं ऐकतच नाही. मग तर मारावंच लागेल ना?

उत्तर: थ्रेड म्हणून नाही. तिला वेगळ्या प्रोसेसमध्ये चालवा. वेगळी प्रोसेस म्हणजे वेगळं दुकान, मेमरी वेगळी. तिला संपवलं तर तिची मेमरी ऑपरेटिंग सिस्टीम परत घेते आणि तुमची वही शाबूत राहते. फक्त तिने अर्धवट लिहिलेल्या फाइली तुम्हालाच तपासाव्या लागतील. ब्राउझर वेगवेगळ्या साइटी वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये ठेवतात त्यामागे हेही एक कारण आहे.

प्रश्न: मग सगळ्या चुका पकडून प्रोग्रॅम कधीच पडणार नाही असं केलं तर?

उत्तर: ताई, पकडणं आणि सांभाळणं यात फरक आहे. नेटवर्क गेलं, ही तात्पुरती चूक, थोडं थांबून परत प्रयत्न करा. एक नोंद कचरा आली तर ती बाजूला काढून ठेवा, माणसाला दाखवा, पुढची घ्या. पण साठा आणि खाती जुळत नसतील तर ते पकडून पुढे जाऊ नका, थांबा. चुकीच्या आकड्याने चालणाऱ्या प्रोग्रॅमपेक्षा थांबलेला प्रोग्रॅम बरा.

प्रश्न: हे सगळं लक्षात ठेवण्यापेक्षा भाषेनेच सांभाळावं असं काही आहे का?

उत्तर: त्या दिशेने काम चालू आहे. कल्पना अशी, की जो थ्रेड किंवा काम सुरू करतो त्याला ते संपेपर्यंत तिथून निघताच येऊ नये. एकात चूक झाली तर भावंडांना थांबायला सांगितलं जातं, सगळे थांबतात आणि मग चूक सुरू करणाऱ्याच्या हातात येते. पायथॉनच्या ३.११ आवृत्तीत, २०२२ साली, ‘टास्क ग्रुप’ आला तो याच विचाराचा. जमेल तिथे तो वापरा. पण चाती कोणती आणि माग कोणता, हे भाषा ठरवू शकत नाही. ते ज्याला काटा माहीत आहे त्यालाच ठरवावं लागेल.

पुढच्या सत्रापर्यंत एक गृहपाठ. तुमच्या प्रोग्रॅममधल्या मागे चालणाऱ्या एका थ्रेडमध्ये मुद्दाम एक एक्सेप्शन फेका. मग कन्सोल बंद ठेवून, फक्त वापरणाऱ्याला दिसणाऱ्या स्क्रीनकडे पाहत बसा. काही बिघडलं आहे हे किती वेळाने कळतं, ते लिहून आणा. कळलंच नाही, तर तसं लिहून आणा. पुढच्या वेळी तिथूनच सुरुवात करू.